हजाराच्या आतली क्रिम्पर-टेस्टरची पेटी: किनाऱ्यावरच्या घरात कितपत उपयोगाची?

‘नेटवर्क टूल किट’ या नावाने एक काळी चेनवाली पिशवी ऑनलाइन साधारण सहाशे ते हजार रुपयांत मिळते. वर नाव कुणाचंही छापलेलं असो, आतला माल जवळपास तोच असतो: एक क्रिम्पर (केबलच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवायची पकड), दोन तुकड्यांचा केबल टेस्टर, केबलचं आवरण सोलायचा पिवळा प्लास्टिकचा स्ट्रिपर, दहा-वीस आरजे-४५ कनेक्टर (नेटच्या केबलच्या टोकाचा प्लास्टिकचा प्लग) आणि त्यांवर चढवायचे तेवढेच रबरी बूट. थोडी महाग पेटी असेल तर भिंतीतल्या सॉकेटमध्ये तारा दाबून बसवायचं पंचडाउन टूलही. टेस्टरची नऊ व्होल्टची बॅटरी मात्र बहुधा नसते, ती वेगळी आणावी लागते. हे परीक्षण एखाद्या ब्रँडचं नसून या जातीच्या पेटीचं आहे, आणि प्रश्न एवढाच: डेस्कटॉपला वायरने नेट घेणाऱ्या कोकणातल्या घरात ती असावी का?

असावी. पण टेस्टरसाठी. क्रिम्पर कामचलाऊ आहे आणि सोबतचे कनेक्टर हात बसवायला वापरून टाकून द्यायच्या लायकीचे.

आपल्याकडे वायरीचं नेट घेणं हा हौसेचा भाग नाही. फायबर ओटीवर किंवा पडवीत येतं, राउटर तिथेच भिंतीला लागतो आणि डेस्कटॉप असतो मागच्या खोलीत. मध्ये चिऱ्याच्या दोन-तीन जाड भिंती. वायफाय त्यातून पलीकडे पोचेपर्यंत त्याचा जीव जातो, म्हणून माळ्यावरून पंधरा-वीस मीटर केबल ओढलेली असते. एवढ्या केबलमधला तारेचा भाग क्वचितच बिघडतो. बिघडतात ती दोन टोकं. मालवण, देवगड, गुहागर, दिवेआगर, कुठेही समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असाल तर खारी दमट हवा कनेक्टरच्या पिनांवर वर्षभर काम करत असते. घर बंद असेल तर आणखीच. गणपतीला दार उघडलं, संगणक लावला आणि ‘नेटवर्क केबल अनप्लग्ड’ अशी पाटी दिसली, की दोष कंपनीचा नसून बहुतेक वेळा त्या दोन सेंटीमीटरच्या प्लास्टिकच्या कनेक्टरचा असतो.

तरी पेटी उघडायच्या आधी काही गोष्टी फुकटात पाहून घ्याव्यात, कारण टेस्टरच्या आवाक्यात फक्त केबल येते.

फायबरच्या डब्यावर एलओएसचा (LOS, म्हणजे सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा लागलेला किंवा लुकलुकत असेल तर घरातलं काहीही उघडू नका. बाहेर फायबर तुटली आहे किंवा वाकली आहे. तक्रार नोंदवा आणि वाट बघा. तो दिवा ठीक असेल तर डेस्कटॉपच्या मागच्या लॅन पोर्टचे, म्हणजे नेटची केबल खोचायच्या भोकाचे, दोन बारके दिवे बघा. दोन्ही मेलेले असतील तर अडचण केबल, कनेक्टर किंवा पोर्टची. दिवे जिवंत आहेत आणि तरी नेट नाही, तर आधी सेटिंगकडे वळायचं. केबल दोन्ही टोकांनी काढून तीन-चार वेळा आत-बाहेर करा. घासल्याने पिनांवरचा पातळ थर निघतो आणि पुष्कळदा तेवढ्याने दिवा लागतो. लागला म्हणून निर्धास्त होऊ नका, ते टोक आता बदलायच्या यादीत गेलं एवढं समजा. त्यानंतर एखादी छोटी, नक्की चांगली पॅच केबल (दोन्ही टोकं तयार असलेली) घेऊन राउटरशेजारी लॅपटॉप लावून बघायचा. तिथे नेट आलं तर राउटर सुटला. आणि वीज गेल्या-आल्यावर डेस्कटॉपचं लॅन कार्ड कधी कधी अडकून बसतं, त्याला नुसतं रीस्टार्ट पुरत नाही. संगणक बंद करा, मागचा वीजपुरवठ्याचा खटका पाडा, चालू करायचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, मग पुन्हा लावा.

दिवे लागतात पण पान उघडत नाही, असं असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे विंडोजला आज्ञा टाइप करून द्यायच्या काळ्या खिडकीत, ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) द्या. आयपी पत्ता (संगणकाचा नेटवर्कवरचा आकड्यांचा पत्ता) १६९.२५४ ने सुरू होत असेल तर विंडोजला राउटरकडून पत्ता मिळालेला नाही, त्याने स्वतःच एक लावून घेतला आहे. तेव्हा राउटर बंद-चालू करा, मग ‘आयपीकॉन्फिग /रिलीज’ (ipconfig /release) आणि ‘आयपीकॉन्फिग /रिन्यू’ (ipconfig /renew). पत्ता १६९.२५४ चा नाही पण राउटरशी जुळतही नाही, जसं संगणक १९२.१६८.०.५ आणि राउटर १९२.१६८.१.१, तर बहुधा आधीच्या कुणीतरी हाताने घातलेला पत्ता तसाच राहिलेला आहे. तो काढून आपोआप मिळण्यावर ठेवा. पत्ता ठीक असेल तर राउटरला शंभरदा पिंग करून, म्हणजे छोटी हाक देऊन उत्तर येतं का ते बघायचं. वायरीवर उत्तर एक मिलिसेकंदाच्या आत यायला हवं आणि शंभरातलं एकही हरवता कामा नये. पाच-सात हरवत असतील तर केबलवर संशय पक्का, आणि आता पेटी उघडायची.

टेस्टरचे दोन तुकडे असतात, मोठा बॅटरीवाला आणि छोटा. केबलचं एक टोक मोठ्यात, दुसरं छोट्यात. त्याआधी केबल राउटर, स्विच आणि संगणक या सगळ्यांतून सोडवलेली हवी. सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या केबलीतून वीजही जात असते. ती चुकून टेस्टरला लावली तर टेस्टर तिथेच संपला. होमस्टेवाल्यांकडे ही चूक सहज होते, कारण सगळ्या केबली एकाच कोपऱ्यात येऊन थांबलेल्या असतात आणि सगळ्या राखाडी.

खटका ‘एस’वर, म्हणजे सावकाश गतीवर ठेवा. मोठ्या तुकड्यावर १ ते ८ दिवे एकापाठोपाठ लागतात, छोट्यावरही त्याच क्रमाने लागायला हवेत. नववा ‘जी’चा दिवा शील्डचा, म्हणजे काही केबलीत तारांभोवती असलेल्या धातूच्या वेष्टनाचा; साध्या केबलीत शील्ड नसतं, तेव्हा तो लागला नाही म्हणून घाबरू नये. एखादा आकडा दोन्हीकडे लागतच नसेल तर ती तार तुटलेली किंवा पिन लागत नाही. मोठ्यावर दोन आकडे नेहमीसारखे लागतात पण छोट्यावर तेच दोन गायब, तर त्या दोन तारा आत कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत; उंदराने कुरतडलेल्या केबलीत हे दिसतं. क्रम उलटसुलट दिसला तर रंग चुकलेत.

आता यातला खरा उपयोग. समजा ४, ५, ७, ८ यांतला एखादा दिवा लागत नाही. तरी नेट चालू असू शकतं! १०० एमबीपीएसला फक्त १, २, ३ आणि ६ या चार तारा लागतात, गिगाबिटला आठही. म्हणून दीड-दोनशे एमबीपीएसचा प्लॅन घेतला आणि डेस्कटॉपवर स्पीड टेस्ट ९४-९५ वर अडकून बसली, की हीच शंका आधी घ्यायची. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड १००/१०० दिसेल. पण थांबा, टोक कापायच्या आधी राउटरच्या मागे एक नजर टाका. फायबरच्या कित्येक डब्यांवर एकच पोर्ट गिगाबिटचा असतो, बाकीचे १०० चे. केबल चुकीच्या भोकात असेल तर टेस्टर बिचारा काय सांगणार.

आणि टेस्टरची मर्यादा. आठही दिवे क्रमाने लागले म्हणजे केबल चांगली, हा समज या पेटीबरोबर फुकट मिळतो आणि तोच सगळ्यात महागात पडतो. टेस्टर फक्त तार इथून तिथे पोचते का ते सांगतो, कोणती तार कुणाबरोबर पिळलेली आहे ते त्याला कळत नाही.

सुंभ जळलं तरी पीळ जात नाही म्हणतात. लॅन केबलची सगळी करामत त्या पिळातच आहे. जोडीतल्या दोन तारांवर तोच सिग्नल एकमेकींच्या उलट जातो. बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो आणि पलीकडे वजाबाकीत निघून जातो. जोड्या ठरलेल्या आहेत: १-२, ३-६, ४-५, ७-८. नवखा माणूस कनेक्टर बसवताना सरळ हिशोब करतो: नारिंगी जोडी, मग हिरवी, मग निळी, मग तपकिरी. दोन्ही टोकांना तसंच केलं की टेस्टरवर एक ते आठ, झकास. पण ३ वर हिरव्या जोडीतली तार गेली आणि ६ वर निळ्या जोडीतली. त्यांचा एकमेकींशी पीळच नाही. दोन मीटरच्या केबलीत हे खपून जातं. माळ्यावरून आलेल्या पंचवीस मीटरमध्ये नेट लागतं, तुटतं, फोटो अर्धवट उघडतात, व्हिडिओ कॉल गोठतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेटस्टॅट -ई’ (netstat -e) देऊन ‘एरर्स’चा आकडा बघा. मोठी फाइल उतरवताना तो वाढत गेला, तर टेस्टर काहीही म्हणो, दोन्ही टोकं कापा.

बरोबर क्रम हा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. याला ‘बी’ पद्धत म्हणतात. ‘ए’ पद्धतीत हिरवी आणि नारिंगी जोडी एकमेकींच्या जागी जातात. कुठलीही चालते, दोन्ही टोकांना एकच हवी. कनेक्टर असा धरायचा की त्याचा प्लास्टिकचा खटका पलीकडे, सोनेरी पिना आपल्याकडे आणि केबल घुसायचं तोंड खाली. डाव्या हाताची पहिली पिन १.

टोक बनवताना वेळ जातो तो तारा सरळ करण्यात, आणि तो जाऊ द्यावा. बाहेरचं आवरण अडीच-तीन सेंटीमीटर काढायचं. पिवळा स्ट्रिपर एकदाच फिरवा. दोनदा फिरवला की पात्याचा ओरखडा आतल्या तारेवर येतो, आणि ती तार आज नाही तरी चार महिन्यांनी तिथेच मोडते. पीळ सोडा, तारा स्क्रूड्रायव्हरच्या दांड्यावर घासून सरळ करा, क्रम लावा, चिमटीत घट्ट धरा आणि आवरणापासून तेरा-चौदा मिलिमीटरवर एका रेषेत कापा. याहून लांब ठेवल्या तर पीळ नको तितका सुटतो आणि आवरण कनेक्टरच्या आत येत नाही. मग केबल ओढली की सगळा ताण तारांवर. आवरण त्या आतल्या प्लास्टिकच्या पाचरीखाली दबलंच पाहिजे. दाबायच्या आधी कनेक्टर समोरून उजेडाकडे धरा: तांब्याची आठ टोकं ओळीने चमकताना दिसायला हवीत. सात दिसली तर बाहेर काढा, पुन्हा.

इथे पेटीतल्या क्रिम्परचं पितळ उघडं पडतं. हलक्या पेटीतल्या क्रिम्परचा जबडा दाबताना किंचित वाकतो, त्यामुळे एका कडेच्या एक-दोन पिना पूर्ण खाली बसत नाहीत. उपाय म्हणजे दोनदा दाबायचं, दुसऱ्यांदा जोर लावून. नंतर नखाने पिनांवरून हात फिरवा, आठही सारख्या पातळीवर आणि प्लास्टिकच्या कडांहून खाली हव्यात. वर राहिलेली पिन नुसती संपर्क चुकवत नाही, डेस्कटॉपच्या पोर्टमधली नाजूक तार वाकवून ठेवते, आणि मग शंभर रुपयांच्या कामात मदरबोर्डचा पोर्ट जातो. रॅचेट असलेला, म्हणजे पूर्ण दाबल्याशिवाय न सुटणारा क्रिम्पर पेटीत मिळत असेल तर दीड-दोनशे रुपये जास्त घालावेत. क्रिम्परवरचा छोटा खाचा टेलिफोनच्या कनेक्टरचा, त्याच्याशी आपलं काम नाही.

सोबतच्या कनेक्टरांबद्दल. पिनांवरचा सोन्याचा मुलामा जेमतेम दाखवण्यापुरता असतो. पुण्यात तो चार-पाच वर्षं काढेल, वेंगुर्ल्यात दोन पावसाळ्यांत हिरवा पडतो. कुडाळ, चिपळूण, रत्नागिरीच्या कॉम्प्युटरच्या दुकानांत ‘५० मायक्रॉन’ म्हणून चांगले कनेक्टर मिळतात. खरं तर ते मायक्रोइंच आहे, पण दुकानात तसंच म्हणतात, तसंच मागा. आणखी एक: कॅट-५ई आणि कॅट-६ हे केबलचे दोन प्रकार; कॅट-६ ची तार जाड असते, ती कॅट-५ईच्या कनेक्टरात घुसता घुसत नाही. केबलवर जे छापलंय त्याचाच कनेक्टर घ्या. तारा आरपार बाहेर येणारे ‘पास-थ्रू’ कनेक्टर बसवायला सोपे असतात, पण त्यांना वेगळा क्रिम्पर लागतो आणि कापलेली तांब्याची टोकं समोर उघडी राहतात. खाऱ्या हवेत ते नकोच.

बदलायचं टोक कापलं की ते फेकू नका, आधी वाचा. पिनांवर हिरवी पूड असेल तर तांबं कळकलंय, साधा गंज. पांढरी पूड असेल तर गोष्ट वेगळी: केबल तांब्याची नाही, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली आहे. दुकानदार तिला ‘सीसीए’ म्हणतात, कधी काहीच म्हणत नाहीत. ब्लेडने तार खरवडा. आत चांदीसारखं पांढरं निघालं, की झालं निदान. दोन धातू एकमेकांना लागून आणि मध्ये खारा ओलावा, म्हणजे छोटी बॅटरीच झाली. त्यात ॲल्युमिनियम झिजतं. शिवाय ही तार दोन-तीनदा वाकवली की तुटते. अशा केबलला नवं टोक लावणं म्हणजे सडलेल्या वाशावर नवी कौलं घालणं. टेस्टर तिलाही आठ दिवे दाखवतो. गावातल्या वायरमनकडे मल्टीमीटर असतो, तो घ्या: एका टोकाला जोडीतल्या दोन तारा एकमेकींना पिळा, दुसऱ्या टोकाला रोध मोजा. तीस मीटरच्या कॅट-५ई केबलीला अस्सल तांब्यात पाच-सव्वापाच ओहम येतो. आठच्या आसपास आला तर केबलच बदलायची, किट बाजूला ठेवा.

पिना नुसत्या मळक्या असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश पुरतो. पॉलिशपेपर अजिबात लावू नका, उरलासुरला मुलामाही निघून जाईल. नवं टोक बसवताना केबल हातभर जास्त ठेवावी. शिंपी कापडात माया ठेवतो तशी. इथे दर दोन-तीन वर्षांनी टोक कापावं लागणार हे धरूनच चालायचं, आणि ताणून बसवलेल्या केबलीत दुसऱ्यांदा कापायला काही उरत नाही.

केबल घराबाहेरून फिरवली असेल तर राखाडी आवरण उन्हाने तडकतं आणि पाणी आत शिरून केबलीतूनच उताराने कनेक्टरपर्यंत येतं. कनेक्टर काढला आणि पोर्टमधून थेंब गळला, असं खरंच होतं. बाहेर काळ्या आवरणाचीच केबल हवी, आणि भिंतीतून आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पागोळ्यांचं पाणी झोळावरून जमिनीवर पडेल, भोकात जाणार नाही.

जिथे ही पेटी काहीच करू शकत नाही ती जागा म्हणजे वीज. मे महिन्यातल्या वळवात आणि परतीच्या पावसात जवळपास वीज पडली की केबल धडधाकट राहते आणि पोर्ट मरतो. टेस्टर आठही दिवे दाखवतो, छोटी पॅच केबल लावली तरी डेस्कटॉपचा दिवा लागत नाही, लॅपटॉपला मात्र त्याच केबलीवर नेट मिळतं. असं झालं तर मदरबोर्ड बदलायची गरज नसते. संगणकाच्या आत बसवायचं गिगाबिटचं पीसीआयई कार्ड किंवा यूएसबी ३.० चा लॅन अडॅप्टर लावला की काम भागतं. कधी पोर्ट अर्धमेला राहतो, फक्त १० एमबीपीएसवर जुळतो. तोही मेलेलाच समजा. कातळावर अर्थिंग नीट मिळत नाही, तेव्हा घरापासून आगरातल्या खोलीपर्यंत तांब्याची केबल ओढायचीच नाही. तिथे फायबर आणि तांब्याच्या केबलीचं नेट फायबरवर चढवणारे-उतरवणारे दोन मीडिया कन्व्हर्टर, दोन टोकांना जोडीतला एक ‘ए’ आणि एक ‘बी’. काचेतून वीज जात नाही. पावसाची चाहूल लागली की डेस्कटॉपचा प्लग काढणारे पुष्कळ आहेत, लॅन केबल काढणारे कमी.

पाचपैकी गुण द्यायचे तर टेस्टरला साडेचार, पिवळ्या स्ट्रिपरला तीन, क्रिम्परला अडीच, कनेक्टरांना एक. बूट बरे आहेत, ओलावा पूर्ण थांबवत नाहीत पण खटका मोडण्यापासून वाचवतात. पंचडाउन टूल भिंतीत सॉकेट बसवलेलं असेल तरच लागतं. नसेल तर ते नसलेली स्वस्त पेटी घ्या आणि वाचलेल्या पैशात चांगले कनेक्टर. पावसाळ्यात आंबा घाटात दरड आली की कुरिअर कुठे अडकेल सांगता येत नाही, त्यामुळे वीस-पंचवीस कनेक्टर घरात असू द्यावेत.

पेटीची पिशवी कापडी असते, ती ओलावा धरते. आतलं सगळं झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, बुटांच्या खोक्यातून मिळालेल्या सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. क्रिम्परच्या सांध्यावर आणि पात्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. टेस्टरमधली बॅटरी प्रत्येक वेळी काढून ठेवायची. आत राहिली तर पाझरून तिच्या टोप्या खाते, आणि दिवे मंद झालेला टेस्टर चांगल्या केबलीलाही वाईट ठरवतो.